बालभारतीचं पुस्तक फुकट आहे, पण मोकळं आहे का?

बालभारतीची पुस्तकं आता फुकट उतरवून घेता येतात, चांगलंच आहे. आमचा आक्षेप आतल्या पानाला आहे. संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय त्यातलं काही उद्धृतही करायचं नाही! म्हणजे आपल्या हिंगोलीतल्या एखाद्या तांड्यावरच्या गुरुजींना पहिलीचं गणित गोरमाटीत करून शेजारच्या शाळेला छापून द्यायचं, तर आधी पुण्याला अर्ज. युनेस्कोच्या मंचावर २००२ मध्ये ‘मुक्त शैक्षणिक संसाधनं’ हा शब्द रूढ झाला, त्यात वाचण्याइतकाच बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क धरलेला आहे. गोवा विद्यापीठानं २०१३ मध्ये कोंकणी विश्वकोश तशाच परवान्यानं खुला केला. मराठीच्या पुस्तकात कवी-लेखकांचे हक्क गुंतलेले असतात, हे आम्हाला मान्य. पण बेरीज-वजाबाकीवर कुणाचा हक्क अडलाय?