वाळवंट दिसले, हिरोशिमा राहिले

मायकल ओंडाट्जे यांच्या 'द इंग्लिश पेशंट' या कादंबरीला १९९२ चे बुकर पारितोषिक बॅरी अन्सवर्थ यांच्या 'सेक्रेड हंगर'बरोबर विभागून मिळाले. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये अँथनी मिंगेला यांनी तिच्यावरून केलेला चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. मार्च १९९७ मध्ये त्याला बारा नामांकनांपैकी नऊ ऑस्कर मिळाले. या यशाचा धुरळा खाली बसण्याआधीच चित्रपटाविषयी दोन तट पडले होते, आणि ते आजही पुरते मिटलेले नाहीत.

कादंबरीला सरळ कथानक असे नाही. दुसरे महायुद्ध संपत आले असताना इटलीतील एका पडक्या वास्तूत चार माणसे एकत्र येतात: ओळखू न येण्याइतका भाजलेला एक रुग्ण, त्याची कॅनेडियन परिचारिका हाना, अंगठे गमावलेला कॅराव्हॅज्जिओ आणि बॉम्ब निकामी करणारा शीख जवान किरपाल सिंग ऊर्फ किप. रुग्णाच्या आठवणींतून उत्तर आफ्रिकेचे वाळवंट आणि कॅथरीन क्लिफ्टन या विवाहितेशी जडलेले त्याचे प्रेम तुकड्यातुकड्यांनी उलगडते. या चौघांत कादंबरी कोणालाच कायमचे मध्यभागी बसवत नाही. मिंगेला यांनी बसवले. रुग्ण आणि कॅथरीन यांची प्रेमकथा हा चित्रपटाचा कणा झाला, हाना आणि किप कडेला सरकले. पुढच्या बहुतेक स्तुतीचे आणि बहुतेक टीकेचे मूळ या एका निर्णयात आहे.

स्तुती प्रामुख्याने कारागिरीची झाली, आणि ती रास्त होती. ट्युनिशियात चित्रित केलेले वाळवंट जॉन सील यांच्या कॅमेऱ्यात असे उतरले की अनेकांना डेव्हिड लीन यांच्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'ची आठवण झाली. कागदावर कुंचल्याने पोहणाऱ्या माणसाची आकृती काढली जाते, तिच्यामागून वाळूच्या टेकड्या उमटतात आणि मार्टा शेबेश्तियेन यांच्या आवाजातील हंगेरियन लोकगीत ऐकू येते. नायक इंग्लिश नाही याची पहिली खूण प्रेक्षकाच्या कानावर अशी नकळत पडते. वॉल्टर मर्च यांचे संकलन हा तर अभ्यासाचा विषय ठरला. चित्रपट चाळीसच्या आसपास वेळा काळ बदलतो, तरी प्रेक्षक भरकटत नाही, कारण बऱ्याचदा पुढच्या काळाचा आवाज चित्राच्या आधी येऊन पोहोचतो. संकलन आणि ध्वनी या दोन्हींचे ऑस्कर मर्च यांना मिळाले. संगणकावर संकलित झालेल्या चित्रपटाला मिळालेले संकलनाचे ते पहिले ऑस्कर. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी चार तारे देताना हा चित्रपट दोनदा पाहण्याजोगा असल्याचे म्हटले: पहिल्यांदा प्रश्नांसाठी, दुसऱ्यांदा उत्तरांसाठी. ज्युलिएट बिनोश यांना सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर आणि बर्लिन महोत्सवाचा पुरस्कार मिळाला. ज्यावर सगळा वाद होता त्या पटकथेचे ऑस्कर मात्र हुकले. ते 'स्लिंग ब्लेड'कडे गेले; ब्रिटनच्या बाफ्टाने पटकथेचा पुरस्कार मिंगेला यांना दिला.

विरोधाचा पहिला सूर कंटाळ्याचा होता. ऑस्करच्या अकरा दिवस आधी 'साइनफेल्ड' या लोकप्रिय विनोदी मालिकेने एक अख्खा भाग यावर बेतला. त्यात सगळे जग ज्या चित्रपटावर भाळले आहे तो मालिकेतल्या इलेनला सहन होत नाही; मित्र दुरावतात, आणि नोकरी टिकवायची तर ट्युनिशियातील गुहेत जाऊन राहण्याची पाळी तिच्यावर येते. लांबी, संथपणा आणि दुःखाचा डामडौल यांवरची ही टवाळी अनेक गंभीर परीक्षणांपेक्षा जास्त लक्षात राहिली. तिला समीक्षा म्हणावे की नाही हा प्रश्न वेगळा, पण प्रेक्षकांच्या एका वर्गाचे मत तिने नेमके पकडले होते.

दुसरा आक्षेप इतिहासाचा होता आणि अधिक बोचरा होता. कादंबरीतील हा रुग्ण म्हणजे अल्माशी, आणि तो खऱ्या व्यक्तीवरून घेतलेला आहे. लास्लो अल्माशी हा हंगेरियन वाळवंट-संशोधक. १९४२ मध्ये त्याने दोन जर्मन हेरांना लिबियाचे वाळवंट पार करून इजिप्तमध्ये पोहोचवले. तो विमानाच्या आगीत होरपळला नाही. १९५१ मध्ये साल्झबुर्ग येथे आजाराने वारला. इजिप्तमधील तत्कालीन हंगेरियन मुत्सद्द्याच्या कन्येने 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये लिहिले की नात्झींच्या साथीदाराला हा चित्रपट प्रेमवीर करतो. ही इतिहासाची नोंद नसून कल्पित कृती आहे, असा ओंडाट्जे यांचा बचाव होता. कॅनेडियन तत्त्वज्ञ टॉमस हर्का यांनी वाद नीतीच्या अंगाने पुढे नेला. पडद्यावरचा अल्माशी जखमी कॅथरीनपर्यंत पोहोचण्यासाठी जर्मनांना नकाशे देतो आणि चित्रपट त्याला जवळपास माफ करून टाकतो. 'कासाब्लांका'चा नायक मात्र प्रेम बाजूला ठेवून युद्धातली आपली बाजू निवडतो. हर्का यांची तुलना बिनतोड वाटते, पण एक गोष्ट तिच्यातून निसटते. कॅराव्हॅज्जिओचे अंगठे तोडले जाण्याचा प्रसंग मिंगेला यांनी टोब्रुकला नेला आणि अल्माशीच्या नकाशांशी जोडला. म्हणजे प्रेमापायी केलेल्या फितुरीची किंमत कोणी मोजली, हे चित्रपटाने एका माणसाच्या हातांवर दाखवले आहे. ते पुरेसे आहे का, यावर दुमत होऊ शकते.

तिसरा आक्षेप किपविषयीचा आहे. काळाबरोबर वजन वाढले ते यालाच. कादंबरीच्या शेवटाकडे हिरोशिमावर बॉम्ब पडल्याची बातमी येते आणि गोऱ्यांच्या युद्धात जीव धोक्यात घालणारा किप बंदूक रुग्णावर रोखतो. असा बॉम्ब त्यांनी गोऱ्या देशावर टाकला नसता, ही जाणीव त्याला उभा जाळते. कोलंबोत जन्मलेल्या लेखकाच्या कादंबरीचा वसाहतवादविरोधी कळस हाच. चित्रपटात हिरोशिमा नाही. त्याऐवजी विजयाच्या जल्लोषात किपचा सहकारी हार्डी सुरुंगाच्या स्फोटात मरतो. किपचा राग शोकात बदलतो आणि तो निघून जातो. प्रेमकथा मध्यभागी आणल्यावर अणुबॉम्ब उपरा वाटला असता, ही निर्मितीची अडचण समजण्यासारखी आहे. तरी या बदलाने कादंबरीचा राजकीय कणा मोडला, हे समीक्षकांचे म्हणणे खोडता येत नाही. नवीन अँड्र्यूज यांनी किप मन लावून उभा केला. अरेत्सोच्या चर्चमध्ये दोराला बांधून हानाला भित्तिचित्रांपर्यंत उंच उचलण्याचा प्रसंग त्यांच्यामुळेच स्मरणात राहतो. पण पटकथेने त्यांना प्रियकर होऊ दिले, साक्षीदार होऊ दिले नाही.

मराठी वाचकाला हा आक्षेप परका वाटू नये. इटलीच्या त्याच रणभूमीवर मराठा लाइट इन्फंट्री लढली. जुलै १९४४ मध्ये टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी आणि एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी शिपाई नामदेव जाधव यांनी दाखवलेल्या शौर्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला. किप कल्पित असला तरी ज्या हजारो भारतीयांचा तो प्रतिनिधी होता, ते पडद्यावर त्याच्याबरोबरच धूसर झाले.

जगभरात २३ कोटी डॉलरहून अधिक कमावणाऱ्या या चित्रपटाने कादंबरीचे वाचक वाढवले, हेही खरे. २०१८ मध्ये बुकरच्या पन्नाशीनिमित्त वाचकांच्या मतदानातून 'गोल्डन मॅन बुकर' या पुस्तकालाच मिळाला. ओंडाट्जे यांनी तो स्वीकारताना दहा वर्षांपूर्वी निवर्तलेल्या मिंगेला यांची आठवण काढली आणि या निकालात त्यांचा हात असावा, असा अंदाज बोलून दाखवला.