दिव्याखालचा अंधार? : 'मिसेस क्लाइन' या नाटकातील मनोविश्लेषक आई

प्रास्ताविक

'दिव्याखाली अंधार' ही म्हण आपण डॉक्टरच्या घरातील आजारपणाला, शिक्षकाच्या नापास मुलाला आणि वकिलाच्या घरातील वाटणीच्या भांडणाला सारख्याच सहजतेने लावतो. इतरांची मने सावरणाऱ्या एखाद्या मानसोपचारतज्ज्ञ स्त्रीचे स्वतःचे घर दुभंगलेले असेल, तर ही म्हण अधिकच चपखल वाटते. निकोलस राइट या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या ब्रिटिश नाटककाराचे 'मिसेस क्लाइन' हे नाटक अशाच एका स्त्रीविषयी आहे. १९८८ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. पुढे १९९५ मध्ये न्यूयॉर्क येथे उटा हेगन यांनी आणि २००९ मध्ये लंडनच्या अल्मेडा थिएटरमध्ये क्लेअर हिगिन्स यांनी यातील मध्यवर्ती भूमिका साकारली. बालकांच्या मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या मेलनी क्लाइन, त्यांची कन्या मेलिटा आणि सहकारी पाउला हायमान या तीन ऐतिहासिक व्यक्ती नाटकातील पात्रे आहेत.

या नाटकाकडे वर उल्लेखिलेल्या म्हणीच्या चष्म्यातून पाहिल्यास ते एका दांभिक आईचा पर्दाफाश ठरते. हे वाचन अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे. मिसेस क्लाइनच्या घरात ज्ञानाचा अभाव नाही. उलट, तेथे ज्ञानाच्या भाषेखेरीज दुसरी कोणतीही भाषा उरलेली नाही आणि या नाटकाची शोकात्मता नेमकी येथेच आहे. (नाटकातील पात्राचा उल्लेख 'मिसेस क्लाइन' असा व ऐतिहासिक व्यक्तीचा उल्लेख 'क्लाइन' असा केला आहे.)

नाट्यवस्तू

नाटकाचा काळ १९३४ चा वसंत ऋतू, स्थळ मिसेस क्लाइनचे लंडनमधील घर. तिचा मुलगा हान्स डोंगरात पडून मरण पावल्याची वार्ता आली आहे. जर्मनीतील हिटलरच्या सत्तेमुळे निर्वासित झालेली डॉक्टर पाउला तिच्या लेखनकामात मदत करण्यासाठी घरी आली आहे. त्याच रात्री मेलिटा येते. तीही डॉक्टर आहे, मनोविश्लेषक आहे आणि आईच्याच संस्थेची सदस्य आहे. हान्सचा मृत्यू अपघाती नसून ती आत्महत्या होती आणि तिचे मूळ आईच्या वागण्यात आहे, अशी तिची धारणा आहे. ही धारणा मांडणारे तिचे पत्र नाटकातील संघर्षाला चालना देते. रात्र सरेपर्यंत आई आणि मुलगी यांच्यातील नाते तुटते व पाउला मुलीच्या रिकाम्या जागेकडे सरकते. शेवटी ती मिसेस क्लाइनची रुग्ण होते.

वरकरणी नाटकाची रचना रहस्यकथेसारखी आहे. अपघात की आत्महत्या, हा प्रश्न प्रेक्षकाची उत्सुकता टिकवून ठेवतो. तथापि नाटकाचा खरा प्रश्न निराळा आहे. या मृत्यूचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, यावरून दोघी झगडत आहेत. हान्स स्वतः बोलू शकत नाही. ज्याप्रमाणे अनुपस्थित रुग्णाविषयी दोन तज्ज्ञांनी वाद घालावा, त्याप्रमाणे आई आणि बहीण त्याच्या मृत्यूविषयी वाद घालतात. त्याच्याविषयीचे दुःख मात्र या वादात मागे पडते.

अर्थ लावण्याचा अधिकार

मनोविश्लेषणात 'अन्वयार्थ' हे उपचाराचे प्रमुख साधन आहे. रुग्ण जे बोलतो त्यामागे न बोललेले काहीतरी असते, या गृहीतकावर ते उभे आहे. उपचाराच्या खोलीत हे साधन सुरक्षित राहते, कारण तिला चौकट असते. ठरलेली वेळ, ठरलेले शुल्क, मौनाची मुभा आणि वेळ संपल्यावर उठून स्वतःच्या घरी जाण्याचे स्वातंत्र्य यांनी ही चौकट घडते. तेथे रुग्ण स्वेच्छेने आलेला असतो. मुख्य म्हणजे, तज्ज्ञाच्या अन्वयार्थाला 'नाही' म्हणून तो आपल्या आयुष्यात परत जाऊ शकतो.

मेलिटाला असे परत जायला ठिकाण नाही. तिने रागावून काही म्हटले, तर तो राग मिसेस क्लाइनच्या दृष्टीने लक्षण ठरतो. तिने तक्रार केली, तर ती तक्रार बालपणीच्या कोणत्यातरी कल्पनेची पुनरावृत्ती ठरते. अशा घरात मुलीचे कोणतेही वाक्य साधे वाक्य राहत नाही. येथे एक बाब आवर्जून लक्षात घ्यावयास हवी. मेलिटाही आईशी त्याच शस्त्राने लढते. तिचे पत्र म्हणजे एक निदानच आहे. 'मला तुझी आठवण येत होती' किंवा 'तू मला दुखावलेस' असे साधे बोलण्याऐवजी तीही आईचा उलगडा करून दाखवते. दोघींपैकी कोणीही खोटे बोलत नाही. दोघींच्या अन्वयार्थात तथ्यही असू शकते. पण खऱ्या अन्वयार्थानेही समोरच्याचे तोंड बंद करता येते, हे या नाटकाचे सर्वांत अस्वस्थ करणारे निरीक्षण आहे.

पाउलाचे स्थान या पार्श्वभूमीवर महत्त्वाचे ठरते. ती मुलगी नाही, म्हणून ती रुग्ण होऊ शकते. तिच्या आणि मिसेस क्लाइनच्या नात्याला चौकट मिळते. जे ममत्व मिसेस क्लाइन मुलीला देऊ शकत नाही, ते रुग्णाला देऊ शकते. 'स्वतःचे घर सोडून जगाला माया' असा याचा अर्थ काढणे सोपे आहे. परंतु मिसेस क्लाइनला प्रेम करण्यासाठी चौकट लागते आणि घराला ती नसते, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

इतिहासाची साक्ष

नाटकाचा मुख्य आधार फिलिस ग्रॉसकर्थ यांनी लिहिलेले व १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेले क्लाइन यांचे चरित्र हा आहे. १८८२ मध्ये व्हिएन्नात जन्मलेल्या क्लाइन यांना मेलिटा, हान्स आणि एरिक ही तीन अपत्ये होती. बुडापेस्टमध्ये असताना त्यांनी १९१९ मध्ये वाचलेला पहिला निबंध त्यांच्या धाकट्या मुलाच्या निरीक्षणांवर आधारलेला होता. १९२१ मध्ये तो विस्तारित रूपात छापून आला तेव्हा एरिकचा 'फ्रिट्झ' झाला होता आणि तो नातेवाइकांचा मुलगा असल्याचे दाखवले गेले. आईच्या अंगणात खेळणारे मूल शास्त्राच्या पानावर टोपणनावाने वावरू लागले. मोठ्या भावंडांविषयीची निरीक्षणेही अशीच वेषांतर करून क्लाइन यांच्या लेखनात आल्याचे चरित्रकर्तीने दाखवले आहे. मेलिटाच्या संतापाला ही पूर्वपीठिका आहे. आपले बालपण आईच्या सिद्धांताचा कच्चा माल झाले, हे कळल्यानंतर मुलीने काय करावे, याचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

तथापि केवळ आजच्या नीतिनियमांनी त्या काळाला तोलणे उचित होणार नाही. जवळच्या नात्यातील व्यक्तीवर उपचार करू नयेत, हा दंडक आज व्यवसायात सर्वमान्य आहे. तेव्हा तो रुजलेला नव्हता. खुद्द सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१८ पासून स्वतःची कन्या ॲना हिचे विश्लेषण केले होते. क्लाइन यांना १९२६ मध्ये लंडनला निमंत्रित करणाऱ्या अर्नेस्ट जोन्स यांनी आपल्या पत्नीला व मुलांना क्लाइन यांच्याकडेच विश्लेषणासाठी पाठवले. घर आणि प्रयोगशाळा यांच्यामधील भिंत त्या पिढीने अद्याप बांधलेली नव्हती.

येथेच स्त्रीवादी समीक्षेने विचारावा असा प्रश्न उद्भवतो. फ्रॉइड यांच्या संदर्भात मुलीचे विश्लेषण ही चरित्रातील एक नवलाची नोंद ठरते. ॲना वडिलांचा वारसा निष्ठेने पुढे नेते, म्हणून ती कथा यशाची मानली जाते. मेलिटा बंड करते, म्हणून क्लाइन यांची कथा अपयशी आईची होते. पुरुष तज्ज्ञाला आपण त्याच्या ग्रंथांवरून जोखतो. स्त्री तज्ज्ञाला मात्र ग्रंथांसोबत घराचाही हिशेब द्यावा लागतो. राइट यांचे नाटक या पूर्वग्रहातून पूर्णतः मुक्त आहे, असे म्हणता येत नाही. त्यात क्लाइन यांची कर्मभूमी रंगमंचावर येत नाही. लहानग्या लाकडी बाहुल्या, कागद, पाणी आणि प्रत्येक मुलासाठी राखलेला स्वतंत्र खण, अशी त्यांच्या खेळ-पद्धतीची सामग्री होती. मुलाच्या खेळाकडे प्रौढाच्या बोलण्याइतक्याच गांभीर्याने पाहणारी ही स्त्री नाटकात एकाही बालरुग्णासमवेत दिसत नाही. परिणामी दिवा झाकून केवळ त्याखालचा अंधार दाखवल्यासारखे होते. ही नाटकाची मर्यादा होय.

शोकाचे शास्त्र

हान्सचा मृत्यू एप्रिल १९३४ मध्ये झाला. बुडापेस्टमधील त्याच्या अंत्यविधीला क्लाइन गेल्या नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लुसर्न येथील परिषदेत त्यांनी 'अवसादात्मक अवस्था' ही संकल्पना मांडणारा निबंध वाचला. ज्या आईवर आपण रागावतो तीच आपल्यावर माया करणारी आई आहे, हे तान्ह्या मुलाला उमगते तेव्हा त्याला अपराधभाव ग्रासतो आणि केलेली कल्पित हानी भरून काढण्याची ओढ लागते, असे या संकल्पनेचे स्थूल सार सांगता येईल. १९४० मध्ये शोकावरील निबंधात क्लाइन यांनी मुलगा गमावलेल्या 'मिसेस ए' या स्त्रीची हकिकत दिली. ही स्त्री पहिल्या आठवड्यात फारशी रडत नाही. ती घरातील पत्रे निवडत बसते, मुलाची पत्रे जपते आणि इतर टाकून देते. तिला स्वप्नात काळ्या वस्त्रातील एक आई आणि तिचा मुलगा दिसतो. 'मिसेस ए' म्हणजे स्वतः क्लाइनच होत, असे अभ्यासक सामान्यतः मानतात.

क्लाइन यांनी मुलांना जे वेषांतर दिले होते, तेच येथे स्वतःला दिले. म्हणजे त्यांनी केवळ मुलांचीच सामग्री वापरली, हा आरोप अर्धा खरा ठरतो. त्यांनी स्वतःलाही सोडले नाही. प्रत्येक नव्या वियोगात बालपणीचे जुने वियोग जागे होतात आणि मनातील कोसळलेले घर पुन्हा उभारणे म्हणजेच शोक पूर्ण करणे, हा विचार असंख्य शोकाकुलांच्या उपयोगी पडला. ज्या आईला मुलीशी बसून रडता आले नाही, तिने परक्यांच्या रडण्याला शास्त्र दिले. यातील उत्तरार्धाने पूर्वार्धाची भरपाई होते काय? माझ्या मते होत नाही. परंतु पूर्वार्धाने उत्तरार्ध खोटाही ठरत नाही.

नाटक संपल्यानंतरचा इतिहास या निष्कर्षाला अधिक धार आणतो. मेलिटाने पुढील दशकभर संस्थेच्या सभांत आईच्या सिद्धांतांवर कठोर टीका केली आणि महायुद्ध संपण्याच्या सुमारास ती अमेरिकेला गेली. १९६० मध्ये आईच्या अंत्यविधीला ती उपस्थित राहिली नाही. दुसरीकडे, नाटकात मुलीची जागा घेणारी पाउलाही त्या जागी टिकली नाही. पाउला हायमान यांनी १९५० मध्ये प्रतिसंक्रमणावर महत्त्वाचा निबंध लिहिला. रुग्णाविषयी उपचारकाच्या मनात उमटणाऱ्या भावना हा अडथळा नसून रुग्णाला समजून घेण्याचे साधन आहे, असे त्यात प्रतिपादन होते. क्लाइन यांना ही भूमिका मान्य नव्हती. १९५५ मध्ये दोघींचे मार्ग वेगळे झाले. आईच्या घरात ज्या गोष्टीला जागा नव्हती, ती म्हणजे समजून घेणाऱ्याच्या स्वतःच्या भावना. मानलेल्या मुलीने नेमके त्यांनाच शास्त्रात स्थान मागितले, ही बाब योगायोगाची वाटत नाही.

समारोप

'मिसेस क्लाइन' या नाटकाचे मोल एका विख्यात स्त्रीचे घरगुती अपयश चव्हाट्यावर आणण्यात नाही. समजून घेणे आणि ऐकून घेणे या दोन क्रिया भिन्न आहेत, हे ते दाखवते. मेलिटाला आईने समजून घ्यावयास नको होते; ते आयुष्यभर झालेच होते. तिला एकदा, कोणताही अर्थ न लावता, ऐकून घेतले जावे असे वाटत होते. उपचारक आपली विद्या घराच्या उंबरठ्यावर उतरवून ठेवू शकत नाही. मात्र घरात ती विद्या म्यान करण्याचे शिक्षण त्याला मिळावयास हवे.

हा प्रश्न केवळ मानसोपचारतज्ज्ञांचा नाही. आपण प्राध्यापक मंडळीही तासाच्या घंटेनंतर घरी जातो आणि जेवणाच्या ताटावर मुलांची वाक्ये दुरुस्त करीत राहतो. मुलगा आपले दुःख सांगत असतो आणि आपण त्याच्या युक्तिवादातील त्रुटी दाखवत असतो. आपण दाखवलेली त्रुटी खरीच असते आणि तरीही मुलगा ताटावरून उठून जातो. मिसेस क्लाइनच्या घरातील ती रात्र आपल्याला परकी वाटत नाही, याचे कारण कदाचित हेच असावे.