झाडूचा वारसा आणि पेन्शनचा हिशेब

मार्च 2023 मध्ये महाराष्ट्रातील सरकारी-निमसरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संपावर गेले. तेव्हा पांढरपेशा मंडळींनी मोठ्या तावातावाने विचारले : मूठभर नोकरदारांच्या म्हातारपणाचा भार करदात्यांनी का सोसावा? प्रश्न गैर नाही. शेतमजूर बाईसुद्धा काडीपेटी घेताना कर भरते. आणि निराधार म्हणून तिच्या हाती पडणारी रक्कम त्याच वर्षी वाढून महिना 1,500 रुपये झाली. आपली मागणी न्याय्य आहे, हे तिच्यासमोर उभे राहून सांगता आले पाहिजे.

परंतु हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कर्मचारी म्हणजे कारकून असतो. गावाची घाण उपसणारा माणूस त्यांच्या हिशेबात येत नाही.

आमचे आजोबा येसकर होते. राबणे पिढीजात आणि मोबदला मात्र खळ्यावरच्या मर्जीचा! वतनदार महारांना निश्चित मोबदला मिळावा, वतनातून सुटण्याची वाट मिळावी म्हणून बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. त्यामागचा विचार साधा होता : श्रमाचे दाम हा हक्क आहे, दान नव्हे. पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने नाकारा खटल्यात 1982 मध्ये सांगितले. आमच्या वस्तीला ते आधीच कळले होते.

वडील नगरपालिकेत सफाई कामगार होते. 2007 मध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्या पेन्शनवर घर चालले आणि मी पदवीधर झालो. आमच्या घरातला पहिला. थोरल्या भावाने मात्र वारसा हक्काने वडिलांची जागा घेतली. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी दिली, हा आधार खराच. पण 1 नोव्हेंबर 2005 नंतर सेवेत आल्यामुळे वडिलांची पेन्शन त्याला लागू झाली नाही. म्हणजे झाडूचा वारसा मिळाला, पेन्शनचा नाही. नव्या भाषेतले हे बलुतेच नव्हे काय?

आता आपल्याच घराकडे पाहू. मीही 2005 नंतरचा प्राध्यापक. संपात मी होतो. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ असे घसा कोरडा पडेपर्यंत ओरडलो. पण आमच्या मोर्चात कंत्राटी सफाई कामगार नव्हता. आम्ही त्याला बोलावलेच नव्हते. मुंबई महापालिकेतल्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले. निकाल 2017 मध्ये लागला. 2024 मध्ये शासनाने निम्म्या पगाराइतक्या पेन्शनचा पर्याय पुढे केला, तेव्हाही कंत्राटी कामगार बाहेरच राहिला.

म्हणून पेन्शनच्या न्यायाचा हिशेब खालून मांडला पाहिजे. सफाई कामगाराची पेन्शन काढून घेतल्याने शेतमजूर बाईला एक पैसाही जास्त मिळत नाही. दोघांच्याही म्हातारपणाची जबाबदारी समाजाची आहे, असे म्हणण्याचे धैर्य आपल्या संघटनांनी दाखवले पाहिजे. ते नसेल तर आपली मागणी म्हणजे निव्वळ प्राध्यापक-कारकुनांचे वतन ठरेल.

माझ्या वर्गात एका कंत्राटी सफाई कामगाराचा मुलगा आहे. बाप थकला की हा मुलगा वर्गात राहील की घंटागाडीवर जाईल? पेन्शनचा प्रश्न माझ्यापुरता तरी एवढाच आहे.