पिरॅमिडला होलोग्राम म्हणू नका

चंद्रपूर-गडचिरोलीच्या शालेय प्रदर्शनांत परीक्षक म्हणून मला ‘घरगुती होलोग्राम’ अनेकदा भेटला: पारदर्शक प्लास्टिकचा पिरॅमिड, खाली मोबाइल, आत तरंगते फुलपाखरू. प्रयोग देखणा, नाव मात्र चूक. हे साधे परावर्तन. १८६२ साली लंडनमध्ये जॉन पेपर यांनी याच युक्तीने ‘भूत’ दाखवले होते.

गाबोर यांनी १९४७ साली मांडलेल्या होलोग्राममध्ये वस्तूवरून परतलेला आणि थेट आलेला प्रकाश एकत्र येतो. फिल्मवर नोंद होते ती त्यांच्या व्यतिकरणाची. तो घरी होतो का? होतो. डेनिस्युक यांच्या १९६२च्या पद्धतीने एक स्वस्त डायोड लेसर, समोर होलोग्राफीची फिल्म आणि फिल्मलगत वस्तू एवढी मांडणी पुरते. मात्र लाल प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.६५ मायक्रॉन. प्रकाश पडत असताना वस्तू तिच्या अंशाएवढी हलली, तरी चित्र उमटत नाही. म्हणून वाळूची जड पेटी हवी, रात्रीची शांतता हवी. खाणपट्ट्यात सुरुंगाची वेळ टाळायला हवी. वाळू वैनगंगेची चालेल; महाग पडते ती फिल्म. लेसरकडे थेट पाहू नये, हे आधी सांगावे.

शिक्षकांनो, परीक्षा सोपी आहे. डोके बाजूला हलवा. पुढच्या भागाआड लपलेले दिसू लागले तर होलोग्राम. आणि कोरी फिल्म दाखवून ती कोरी का राहिली हे सांगणाऱ्या मुलाला फुलपाखरापेक्षा जास्त गुण द्या.