मर्यादा वाढली, पण कुणासाठी?

अमेरिकेत नोकरी करणारं कुणी ओळखीचं असेल, तर 'एचएसए' तुमच्या कानावर आलं असेल. हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट म्हणजे मोठं डिडक्टिबल असलेल्या विम्यासोबत मिळणारं बचत खातं. भरलेल्या पैशावर प्राप्तिकर नाही, वाढीवर नाही, उपचारांसाठी काढले तरी नाही. वार्षिक मर्यादा महागाईनुसार ठरते: एकट्यासाठी 2025 मध्ये 4,300 डॉलर, 2026 मध्ये 4,400.

आता हे वाढीव 100 डॉलर कुणाच्या कामाचे, ते बघा. जो आधीच 4,300 ला टेकला होता, फक्त त्याच्या. वर्षाला जेमतेम 500 टाकणाऱ्याला शून्य फायदा. आणि मर्यादा सारखी असली तरी सवलत सारखी नाही. पूर्ण 4,400 भरले, तर 37 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा 1,628 डॉलर केंद्रीय प्राप्तिकर वाचतो. 12 टक्केवाल्याचा 528.

आजार मात्र पगार बघून येत नाही. म्हणून मर्यादा वाढल्याची बातमी वाचाल, तेव्हा एवढंच विचारा: खातं काठोकाठ भरणं मुळात कुणाला परवडतं? माझ्या मते, कराच्या टप्प्यावर न ठरणारी, सगळ्यांना सारखी थेट मदत जास्त न्याय्य ठरेल.