विकलेली बातमी आणि हरवलेला वाद : 2009 च्या विधानसभा निवडणुकीच्या निमित्ताने

प्रस्तावना

वृत्तपत्र हा लोकशाहीचा चौथा स्तंभ होय, हे विधान आपल्या पाठ्यपुस्तकांत इतक्या वेळा येते की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज सहसा कुणाला भासत नाही. महाराष्ट्रात 13 ऑक्टोबर 2009 रोजी झालेल्या विधानसभा निवडणुकीने ती गरज निर्माण केली. 'पेड न्यूज', म्हणजे मोबदला घेऊन छापलेली बातमी, हा शब्दप्रयोग त्यानंतर सर्वतोमुखी झाला. परंतु पुढे जी चर्चा झाली ती मुख्यतः निवडणूक खर्चाची झाली. या प्रकाराने झालेली खरी हानी हिशेबाच्या वहीत मावणारी नाही. ती राजकीय वादाची हानी आहे, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

प्रकरणाचे स्वरूप

पी. साईनाथ यांनी 'द हिंदू' या दैनिकातील लेखांतून निवडणुकीनंतर लगेच हा प्रकार उघडकीस आणला. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा एकच मजकूर परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत जवळजवळ शब्दशः प्रसिद्ध झाल्याचे त्यांनी दाखवून दिले. कोठेही 'जाहिरात' असा उल्लेख नव्हता. चव्हाण यांच्या खर्चपत्रकात वृत्तपत्रीय जाहिरातींपोटी 5,379 रुपये दाखविलेले होते. प्रकरण निवडणूक आयोगापुढे गेले. जुलै 2014 मध्ये आयोगाने त्यांच्या विरोधात निष्कर्ष नोंदविला. सप्टेंबर 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना मात्र अशाच कारणावरून आयोगाने ऑक्टोबर 2011 मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरविले होते.

या दोन्ही प्रकरणांत कायद्यापुढे आलेला प्रश्न एकच होता : उमेदवाराने हिशेब योग्य दिला काय? लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951 च्या कलम 77 ची चौकट तेवढीच आहे. वाचकाचा प्रश्न निराळा होता. मी जे वाचले ते कोणी लिहिले, आणि कोणाच्या सांगण्यावरून लिहिले? हा प्रश्न कोणत्याही सुनावणीचा मुख्य विषय झाला नाही.

पक्षपात आणि अप्रामाणिकपणा

वृत्तपत्राने तटस्थ असावे, असा आग्रह येथे धरावयाचा नाही. मराठी पत्रकारितेचा इतिहास तटस्थतेचा नाही. 1877 मध्ये सुरू झालेल्या 'दीनबंधु'ने सत्यशोधक विचाराची बाजू उघडपणे घेतली. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर टिळकांशी मतभेद झाल्यावर आगरकरांनी 'केसरी'चे संपादकत्व सोडले आणि 1888 मध्ये 'सुधारक' काढला. डॉ. आंबेडकरांनी 1920 मध्ये 'मूकनायक' काढला, तोही एका समाजाची व्यथा मांडण्यासाठीच. ही सर्व पत्रे पक्षपाती होती. पण त्यांचा पक्ष वाचकाला ठाऊक होता. 'केसरी'चे मत कोणाचे आणि 'सुधारक'चे कोणाचे, याविषयी संभ्रम नव्हता. म्हणूनच त्यांच्यात वाद होऊ शकला आणि महाराष्ट्राचे वैचारिक जीवन त्या वादावर पोसले गेले.

विकलेल्या बातमीत नेमकी हीच ओळख पुसली जाते. वकिलाचे भाषण साक्षीदाराची जबानी म्हणून सादर होते. ज्याचा वक्ता अज्ञात आहे अशा मताचे खंडन करता येत नाही, कारण ते मत म्हणून समोर आलेलेच नसते. ज्या उमेदवारापाशी पैसा नाही, त्याची बाजू तर मुळात छापलीच जात नाही. असत्य छापण्याइतकाच हा न छापण्याचा दोषही गंभीर आहे.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. उपरोक्त अधिनियमाच्या कलम 127-क अन्वये निवडणुकीच्या साध्या हस्तपत्रकावर व भित्तिपत्रकावरदेखील मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव व पत्ता असणे बंधनकारक आहे. चौकात वाटल्या जाणाऱ्या चिटोऱ्याला कर्ता हवा. पण दैनिकाच्या पानावरील प्रचाराला तो नसला तरी चालते, अशी ही स्थिती आहे.

माध्यमांचे आत्मपरीक्षण

या व्यवसायाने स्वतःकडे कसे पाहिले, हेही बोलके आहे. भारतीय प्रेस परिषदेने परंजॉय गुहा ठाकुरता व के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. तिच्या विस्तृत अहवालात वृत्तपत्रांची नावे होती. 30 जुलै 2010 रोजी परिषदेने स्वीकारलेल्या संक्षिप्त अहवालातून ती वगळली गेली. मूळ अहवाल प्रकट होण्यास 2011 मध्ये केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश यावा लागला. इतरांकडून पारदर्शकतेची मागणी करणाऱ्या व्यवसायाला स्वतःच्या अहवालासाठी माहितीच्या अधिकाराचा बडगा सोसावा लागला, यापेक्षा कठोर टीका दुसरी कोणती असू शकेल?

अंकाच्या किमतीत अंकाचा खर्च भागत नाही, ही वृत्तपत्रांची अडचण खरी आहे. पण त्यावरचा उपाय जाहिरात हा आहे, आणि जाहिरातीला जाहिरात म्हणण्याने कोणाचे दिवाळे निघत नाही. मोबदल्याची बातमी हा निवडणूक गुन्हा ठरवावा, अशी शिफारस विधी आयोगाने 2015 च्या 255 व्या अहवालात केली. ती योग्यच आहे. परंतु कायदा खर्च मोजू शकेल, प्रामाणिकपणा निर्माण करू शकणार नाही.

समारोप

प्रामाणिक राजकीय वादासाठी माध्यमांकडून तीन किमान अपेक्षा ठेवता येतील : बोलणारा कोण हे सांगणे, प्रतिपक्षाला उत्तराची जागा देणे, आणि चूक ज्या पानावर झाली त्याच पानावर ती दुरुस्त करणे. आज मोबाइलवरून फिरणाऱ्या निनावी मजकुराविषयी आपण चिंता व्यक्त करतो. तो मजकूर निनावी स्वीकारण्याची सवय वाचकाला लावण्यात छापील पानांचाही वाटा आहे, हे विसरता येणार नाही. महाविद्यालयांत वृत्तपत्रवाचन हा उपक्रम सर्वत्र असतो. त्यात बातमीचा सारांश सांगण्याबरोबरच 'हे कोण बोलत आहे?' हा प्रश्न विद्यार्थ्याला विचारावयास लावणे, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे.