अँटिबॉडीचं ‘नाही’ कसं वाचायचं?

पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर, म्हणजे ग्राही, आणि तो शोधणारी अँटिबॉडी हा आजचा विषय. ऐकायला हे प्रयोगशाळेतल्या चार लोकांचं काम वाटतं. म्हणून आपण सुरुवात प्रयोगशाळेपासून खूप लांब, भामरागडला करू.

इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा यांच्या संगमावरचं हे गाव. पावसाळ्यात पर्लकोटा चढली की गावाचा संपर्क तुटतो, ही वर्षानुवर्षांची गोष्ट. महाराष्ट्रात मलेरियाचा फार मोठा भार ज्या गडचिरोली जिल्ह्यावर आहे, त्यातला हा सर्वात जास्त सोसणाऱ्या तालुक्यांपैकी एक. फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स, दोन्ही परजीवी इथे आहेत. तापाचं मूल समोर आलं की आशाताई बोट टोचतात, थेंब कीटवर टाकतात, आणि रेघेची वाट बघतात. ती रेघ उमटवणारी गोष्ट म्हणजे अँटिबॉडी. रेघ आली तर ‘आहे’, नाही आली तर ‘नाही’.

आमची टीका आहे ती या ‘नाही’ वाचण्याच्या आपल्या सवयीवर. अँटिबॉडी ‘मला सापडलं नाही’ एवढंच सांगते, आणि आपण ऐकतो ‘तिथे नाहीच’. या दोन वाक्यांमधलं अंतर किती मोठं असू शकतं, ते व्हायवॅक्स ज्या ग्राहीचा आधार घेऊन तांबड्या पेशीत शिरतो, त्याच डफी ग्राहीच्या इतिहासात दिसतं.

या इतिहासात अँटिबॉडी आधी आली, ग्राही नंतर कळला. 1950 साली इंग्लंडमध्ये डफी नावाच्या हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तात एक नवी अँटिबॉडी सापडली. त्याला वारंवार दुसऱ्यांचं रक्त द्यावं लागलं होतं, त्यातून ती तयार झाली होती. ती बहुतेकांच्या तांबड्या पेशींना चिकटायची, काहींच्या नाही. ती जिला चिकटते त्या खुणेला एफवाय-ए म्हणू लागले. पुढच्याच वर्षी एफवाय-बी ओळखणारी अँटिबॉडी मिळाली. 1955 मध्ये असं दिसलं की न्यूयॉर्कमधल्या अनेक कृष्णवर्णीयांच्या पेशींना दोन्ही अँटिबॉडी चिकटत नाहीत. त्यांना ‘डफी निगेटिव्ह’ म्हणू लागले. 1976 मध्ये लुई मिलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा लोकांना व्हायवॅक्सची लागण होत नाही. हे प्रथिन केमोकाइन नावाच्या संदेश-रेणूंचा ग्राही आहे, हे तर 1993 मध्ये स्पष्ट झालं.

यातून पाठ्यपुस्तकातली सुबक गोष्ट तयार झाली: ग्राही म्हणजे दरवाजा, दरवाजा नाही तर चोर आत येणार नाही. गोष्ट खोटी नाही. पण ती ज्या ‘नाही’वर उभी आहे, ते नीट तपासलं पाहिजे.

पहिली अडचण: अँटिबॉडी अख्खं प्रथिन बघत नाही. तिच्या पकडीत येतो तो प्रथिनाचा एक लहानसा तुकडा. एफवाय-ए आणि एफवाय-बी यांच्यात फरक आहे तो साखळीतल्या 42 व्या जागेवरच्या एकाच अमिनो आम्लाचा. एफवाय-बीचा एक कमकुवत प्रकार असा आहे की पेशीवर ग्राही असतो, पण इतका थोडा की नेहमीच्या चाचणीत तो निसटतो. तिथेही नोंद होते ‘निगेटिव्ह’.

दुसरी अडचण हाताळणीतली. रक्तपेढीत काही अँटिबॉडी नीट दिसाव्यात म्हणून तांबड्या पेशींवर पॅपेनची, म्हणजे पपईतल्या एन्झाइमची, प्रक्रिया करतात. पॅपेन या दोन्ही खुणा कापून टाकतं. मग ‘नाही’ येतं ते माणसाच्या रक्तातून नव्हे, आपल्याच कामातून.

तिसरी अडचण सर्वात महत्त्वाची: नमुना कुठला? 1995 मध्ये कळलं की बहुतेक डफी निगेटिव्ह लोकांत ग्राहीचं जनुक शाबूत असतं. बिघडलेलं असतं ते फक्त रक्तपेशींच्या घडणीत जनुक चालू करणारं बटण. म्हणजे त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर तोच ग्राही असतो. 2010 मध्ये मादागास्करमधून डफी निगेटिव्ह लोकांनाही व्हायवॅक्स झाल्याचा ठोस पुरावा आला. 2023 मध्ये आणखी एक तुकडा जुळला: डफी निगेटिव्ह माणसाच्या अस्थिमज्जेत, तांबडी पेशी घडत असताना, हा ग्राही काही काळ दिसतो. बोटातून किंवा शिरेतून घेतलेल्या रक्तात तो दिसणार नव्हताच. प्रश्न विचारला होता ओसरीवर, आणि उत्तर धरलं अख्ख्या घराचं.

कुणी म्हणेल, ‘नाही’ फसवं असेल, पण ‘हो’ तर पक्कं ना? तेही नाही. रक्तवाढीच्या संप्रेरकाचा, एरिथ्रोपोएटिनचा, ग्राही घ्या. त्याच्यासाठी विकल्या जाणाऱ्या अँटिबॉडी वापरून अनेक गाठींमध्ये हा ग्राही ‘दिसला’ होता. प्रश्न गंभीर होता, कारण कर्करोगाच्या रुग्णांना रक्तवाढीसाठी हेच औषध देतात. 2006 मध्ये तपासणी झाली, तेव्हा सर्वात जास्त वापरातली एक अँटिबॉडी भलत्याच प्रथिनाला, उष्णता-ताणाच्या प्रथिनांपैकी एकाला, धरत असल्याचं निघालं. पट्टा उमटत होता 66 किलोडाल्टनवर, ग्राहीचं खरं वजन त्याहून कमी. ज्या पेशींत ग्राही नाहीच, त्यांच्यावर आधी अँटिबॉडी लावून बघितली असती तर चूक पहिल्या दिवशीच कळली असती.

आता टीका करायची तर चांगली रीतही सांगितली पाहिजे, आणि ती नवी नाही. डफीची अँटिबॉडी एकटी पेशींचे पुंजके करू शकत नाही. तिला जोडणारी दुसरी अँटिबॉडी घालावी लागते, ती कूम्ब्स चाचणी. तिथे नियम असा: ज्या नळीत पुंजके झाले नाहीत, त्या प्रत्येक नळीत मुद्दाम अँटिबॉडी चढवलेल्या पेशी शेवटी टाकायच्या. त्यांचेही पुंजके झाले नाहीत, तर धुण्यात किंवा रसायनात चूक आहे, तो ‘नाही’ रद्द, चाचणी पुन्हा. सही करण्याआधी ‘नाही’ची अशी परीक्षा होते. रक्तपेढीतल्या तंत्रज्ञांच्या हातांना हे रोजचं आहे. मोठमोठ्या शोधनिबंधांत मात्र ते शोधावं लागतं.

मुंबईने तर हा धडा 1952 मध्येच जगाला दिला. डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट नोंदवला. तिथली खूण ग्राही नाही, शर्करेची आहे, पण तर्क तोच. ए नाही, बी नाही, म्हणजे ओ, असा सरळ हिशोब. पण या माणसांचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींशीही भिडत होता. दोन ‘नाही’ जोडून काढलेला ‘हो’ चुकला होता, आणि तो पकडला गेला तो उलट बाजूने तपासल्यामुळे. अशा माणसाला ओ रक्त चढवलं तर जीव जाऊ शकतो.

आता कीटकडे येऊ. फाल्सिपेरमची रेघ बहुतेक कीटमध्ये परजीवीने रक्तात सोडलेल्या एचआरपी-2 या प्रथिनावर अवलंबून असते. हे प्रथिन ग्राही नव्हे, पण वाचनाचे प्रश्न तेच. काही परजीवींनी या प्रथिनाचं जनुकच गमावलंय. भारतातल्या 8 राज्यांचे नमुने तपासलेल्या, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे परजीवी सापडले. तिथे ताप खरा, परजीवी खरा, आणि रेघ नाही. उलट औषधाने बरं झाल्यावरही हे प्रथिन काही आठवडे रक्तात राहतं. तिथे परजीवी नाही आणि रेघ आहे. शिवाय कीट साठवायला 30 किंवा 40 अंशांची मर्यादा असते, आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा मे महिना ती सहज ओलांडतो. कंट्रोलची रेघ आली म्हणून निर्धास्त होऊ नये. ती सांगते की द्रव वर सरकला. परजीवी धरणारी अँटिबॉडी उष्णतेने निकामी झाली नाही ना, हे ती सांगत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. दुर्गम गावात, पुराच्या दिवसांत, इतके बारकावे कोण बघणार? तिथे हो-नाही असं सोपं उत्तरच लागतं, आणि त्या सोप्या उत्तरानेच कितीतरी जीव वाचलेत. हे आम्हाला पूर्ण मान्य आहे. हेमलकशात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी दवाखाना चालवला, तेव्हाच्या बऱ्याच काळात असं कीटही हाताशी नव्हतं. कीट ही मोठीच सोय आहे. पण जिथे दुसरी चाचणी हाकेच्या अंतरावर नाही, तिथेच एका ‘नाही’चं वजन सर्वात जास्त असतं. शहरातला चुकलेला ‘नाही’ संध्याकाळी दुसऱ्या लॅबमध्ये सुधारता येतो. पर्लकोटेच्या पलीकडे अडकलेला नाही येत.

म्हणून आमचं मागणं दोन ओळींचं आहे. संशोधकाने ‘ग्राही नाही’ असं लिहू नये. ‘अमुक अँटिबॉडीने, अमुक पेशींवर, अमुक पद्धतीने सापडला नाही’ असं लिहावं, आणि ग्राही नक्की असलेल्या व नक्की नसलेल्या पेशींवरचे निकाल शेजारी ठेवावेत. आणि गावपातळीवर, कीट ‘नाही’ म्हणालं तरी ताप उतरला नाही, तर काचपट्टी घ्यायची, चाचणी पुन्हा करायची. तोवर ‘मलेरिया नाही’ हा शेरा मारायचा नाही. यासाठी नवं यंत्र लागत नाही, शेऱ्याच्या रकान्यात चार शब्द जास्त लागतात. ते चार शब्द लिहायला सांगण्याची जबाबदारी आशाताईंची नाही. ती अँटिबॉडी बनवणाऱ्यांची, विकत घेणाऱ्यांची आणि आमच्यासारख्या तिच्याबद्दल बोलणाऱ्यांची आहे.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.